खळ्यावरचा हुतुतू

आमच्या गावात खेळ भाताच्या मागून येई. शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या गाडीवाटेने सापगाव मागे टाकलं की टेकडीच्या पायथ्याशी आमची कौलारू आणि पेंढ्याची घरं दिसत. आषाढात भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली की दिवाळीपर्यंत कुणाला पाठ सरळ करायची सवड नसे. मग कापणी, मग झोडणी, मग सावकाराकडे गवतकापणीची मजुरी. माघात केव्हातरी सगळं भात कणग्यांत पडे आणि खळं रिकामं होई. त्या दिवसापासून चैत्रात भाताच्या रोपांची जागा, म्हणजे राब, भाजायला घेईपर्यंत जो काय वेळ हाती लागे तो आमच्या खेळांचा. वडील तोंडाने कधी "खेळा" बोलले नाहीत. पण खळ्यावरचा शेवटचा पेंढा उचलून झाला की ते माझ्या थोरल्या भावाकडे बघून नुसते हात झटकत. तेवढी परवानगी पुरे होती.

खळं मालकाचं. मालक कल्याणला राहात आणि वर्षातून एकदा येत. गावात त्यांचा कारभारी असे. आम्ही सगळी त्यांची कुळं. भात झोडायला लागतं म्हणून ते खळं आम्ही शेणाने सारवायचो, चोपायचो, आरशासारखं करायचो, आणि त्यांच्या वाट्याचं भात त्यांच्या गाडीत चढलं की कारभाऱ्याची हरकत नसेल तर तिथेच हुतुतू खेळायचो. गावात तेवढी एकच जागा सपाट होती. बाकी सगळी बांधांची आणि उताराची.

आमच्या घरात सगळ्यांत लांब दम माझ्या बहिणीचा होता. ती माझ्याहून मोठी. लहानपणी ती आमच्यात खेळे आणि भल्याभल्यांना हात लावून परत येई. मग एका वर्षी तिला लुगडं नेसवलं आणि ती खळ्यावर आली नाही. "येऊ नको" असं तिला कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. गौरीत ती बायकांबरोबर फेर धरी, तोही घरच्या अंगणात. माघात आम्ही खेळत असू तेव्हा ती डोईवर हंडा घेऊन खळ्याच्या कडेने जाई आणि चालता चालता मान न वळवता बघे. पुढे ती लग्न होऊन मुरबाडकडे गेली. खेळ कुणाचा आणि कुणाचा नाही, हे आमच्याकडे असंच ठरलेलं असे. सांगावं लागत नसे.

तसाच तो.

त्याचे वडील गावचे तराळ होते. सरकारी माणूस आला तर त्याची वर्दी देणं, सांगावे पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, अशी गावाची कामं त्यांच्या घराकडे होती, आणि त्याबदल्यात खळ्यावर प्रत्येक घराकडून त्यांना भाताचा वाटा मिळे. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. तेव्हा सगळे तिला महारवाडा म्हणत. तो माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही गुरं घेऊन टेकडीवर एकत्र असायचो, आणि टेकडीवर खळं नव्हतं, मालक नव्हता, कारभारी नव्हता. तिथे आम्ही विटीदांडू खेळलो, झाडावर चढून सूरपारंबी खेळलो, एकमेकांच्या अंगावर पडलो. संध्याकाळी गुरं उतरवताना गावची पहिली कौलं दिसली की तो आपोआप बाजूला होई आणि दहा-पंधरा पावलं मागून चालू लागे. मला त्याचं काही वाटत नसे. गुरं जशी आपापल्या गोठ्याकडे वळतात तसंच ते वाटे.

मिसरूड फुटायच्या सुमाराला तो कसाऱ्याकडे गेला. त्याचा मामा उंबरमाळीजवळ रेल्वेच्या रुळांवर कामाला होता, त्याने याला टोळीत लावून घेतलं. काही वर्षांनी वडिलांचे पाय सुजू लागले, गावची कामं करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो परत आला. आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. घाटातल्या कामाने त्याची छाती दारासारखी रुंद झाली होती. बोलण्यात फरक होता. मला वाटेत भेटला तेव्हा बोलला, "आमी लायनीत दर रविवारी हुतुतू खेळतो. घाटावरचे असतात, कोकणातले असतात, कोन कुठला ते टोळीत कोन इचारत नाय. रुळाला सगळेच खांदा देतात."

हे सांगताना त्याच्या आवाजात बढाई नव्हती. दूरच्या गावचा पाऊस कसा पडतो ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

दरवर्षी चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा भरे. लहानशी जत्रा. चार दुकानं, भेंडबत्तासे, बांगड्या, एक पाळणा. पण त्या दिवशी आमच्या गावचा आणि नदीपलीकडच्या गावचा हुतुतूचा सामना होई, आणि त्याची वाट दोन्हीकडचे लोक वर्षभर बघत. जिंकेल त्याला नारळ आणि फेटा. फेटा जिंकलेल्या गड्यांच्या पुढाऱ्याने बांधायचा. आमचा पुढारी माझा थोरला भाऊ. तो अबोल होता. शेतात बैलांशीसुद्धा फारसा बोलत नसे. पण खळ्यावर उतरला की त्याची नजर घारीसारखी फिरे.

त्या वर्षी आमचा सगळ्यांत चांगला चढाईचा गडी हिवतापाने पडला. आमच्याकडे हिवताप असा येई की धडधाकट माणूस दुपारी गोधडीत कुडकुडत असे. दुसरा एक मुंबईला गोदीत गेला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी भाऊ बराच वेळ ओट्यावर बसून होता. मग उठला आणि मला बोलला, "चल."

आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. पलीकडे त्यांचं घर. भावाने अलीकडूनच हाक मारली. तो बाहेर आला, त्याच्यामागून त्याची आई आली.

"उद्या खेळशील का?" भावाने विचारलं.

त्याने आईकडे बघितलं. आईनेच विचारलं, "कुठं खेळायचा?"

"खळ्यावर. जत्रंत."

"नको रे बाबा," ती भावाला बोलली. "तुमी बोलवता, पन तुमचं गाव काय बोलवत नाय."

"गावाला मी सांगतो."

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "पल्याडच्या गावाला इचारलंस?"

"खेळात कशाला इचारायचा?"

"खेळातच इचारतात," तो बोलला. "हुतुतूत माणूस माणसाला शिवतो."

भावाने खाली ओढ्याकडे बघितलं. ओढ्याला पाणी कमी होतं, दगड उघडे पडले होते. भाऊ बोलला, "मला तुजा दम पायजे. बाकीचा मी बघतो." आणि वळून चालू लागला. मी मागे बघितलं. आई त्याच्याशी काहीतरी बोलत होती आणि तो खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. धुतलेली चड्डी, अंगात काही नाही, केस पाण्याने बसवलेले. आमच्या गड्यांना भावाने सकाळीच सांगून ठेवलं होतं. दोघं कुरकुरले, पण भावापुढे बोलायची त्यांची छाती नव्हती आणि सामनाही त्यांना हरायचा नव्हता. आमच्यातला प्रत्येक जण लहानपणी टेकडीवर त्याच्याशी झोंबला होता. तरी त्या दिवशी खळ्यावर उभं राहताना त्याच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी राहिली. मीही हातभर अंतर सोडून उभा होतो.

खळ्याच्या कडेला आंब्याखाली बाज टाकली होती. तिच्यावर कारभारी बसले होते, पानाचा डबा उघडून. भोवती दोन्ही गावचे म्हातारे. पलीकडच्या गावचा एक वयस्क माणूस उठला आणि बोट दाखवून बोलला, "यो खेळनार?"

"खेळनार," भाऊ बोलला.

"असा कदी झाला नाय."

लोक कुजबुजू लागले. आमच्याकडचे दोन म्हातारेही उठून उभे राहिले. मला वाटलं, आता इथेच संपलं. पण कारभारी हसले. त्यांना दुपारची करमणूक हवी होती. "खेळू दे रे," ते बोलले. "बघू तरी काय होतं ते." मालकाच्या माणसाने तोंड उघडलं की आमच्याकडे वाद मिटे. म्हातारे खाली बसले. पुढे मी पुष्कळदा विचार केला की त्या दिवशी त्याला खळ्यावर उभं राहायला मिळालं ते भावाच्या शब्दाने नाही. बाजेवरच्या माणसाला गंमत वाटली म्हणून मिळालं.

सामना सुरू झाला. पलीकडचा गडी चढाईला आला की आमचा हा नवा गडी ज्या कोपऱ्यात उभा होता तो कोपरा सोडून बाकी सगळीकडे फिरे. आमचा एक गडी मेला, म्हणजे खेळातून बाद झाला, मग दुसरा. मग भावाने त्याला खूण केली.

त्याने मधली रेघ ओलांडली आणि त्याचा आवाज सुरू झाला. "हुतुतूतूतू" असा सलग, खालच्या पट्टीत, एखादी मधमाशी दाराशी घुमावी तसा. तो वाकला नाही, उड्या मारल्या नाहीत. हात पसरून सरळ चालत गेला. आणि समोरचे गडी पळाले. एरवी चढाईवाला आला की गडी मागे सरतात, सापळा लावतात, पायाला झोंबतात. हे पळाले. एक उजवीकडच्या रेघेबाहेर गेला, दोन मागच्या. रेघेबाहेर गेला तो मेला, असा नियम. तो कुणालाही न शिवता परत आला आणि तीन गडी मेले होते.

लोक हसायला लागले. जत्रेतली पोरं, बायका, दुकानदार, सगळे. कारभारी मांडीवर थाप मारून हसले. आमचेही काही गडी हसले. "जा रे, परत जा," कुणीतरी ओरडलं. "नुसता खाकर, तरी पळतील."

तो हसत नव्हता. भावाच्या तोंडाकडे मी बघितलं. जिंकत असलेल्या माणसाचं तोंड ते नव्हतं.

पुन्हा त्याची पाळी आली. तो गेला, आणि पुन्हा तेच झालं. आता पलीकडे एकच गडी उरला. त्यांचा पुढारी. गाडीच्या जुवासारखे त्याचे खांदे होते. त्याने धरलेला माणूस सुटला असं कधी झालं नव्हतं, निदान आम्ही बघितलं नव्हतं. तो पळाला नाही. मागच्या रेघेजवळ पाय रोवून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात उघडले. त्या क्षणी खळ्यावरचं हसणं थांबलं. दोघं एकमेकांसमोर उभे होते आणि मधे फक्त तो घुमणारा आवाज होता. मला अजून दिसतं, त्या पुढाऱ्याची बोटं आपोआप मिटत-उघडत होती. त्याला धरायचं होतं. त्याचं सगळं अंग त्यासाठी पुढे झुकलं होतं.

आणि कडेवरून त्याचा चुलता ओरडला, "शिवू नको!"

पुढाऱ्याने हात मागे घेतले. पाठीमागे बांधले, शाळेत मास्तरासमोर उभं राहिल्यासारखे. पळालाही नाही. तसाच उभा राहिला, मान खाली घालून.

आमच्या गड्याने फक्त हात लांब करायचा होता. वीतभर अंतर होतं. एक बोट लागलं असतं तरी सामना संपला असता आणि फेटा आमचा झाला असता. तो तिथेच थांबला. त्याचा दम चालूच होता, पण आता आवाज हळूहळू बारीक होत गेला. त्याचा दम संपला नव्हता. त्याच्या छातीकडे बघून मला ते कळत होतं. त्याने तो आपल्या मनाने सोडला. पलीकडच्या हद्दीत, त्या माणसासमोर उभं राहून, त्याने तोंड मिटलं.

"मेलो," तो बोलला. अगदी साधेपणाने. मग वळला, खळ्यावरून खाली उतरला आणि बांधाबांधाने ओढ्याकडे चालू लागला. कुणी हसलं नाही. कारभाऱ्यांनी पानाचा डबा मिटला त्याचा आवाज ऐकू आला.

सामना कुणी पुढे चालू करावा हे कुणालाच सुचेना. शेवटी भाऊ बाजेपाशी गेला, नारळ उचलला आणि पलीकडच्या पुढाऱ्यासमोर ठेवला. "आमी हरलो," तो बोलला. त्या पुढाऱ्याने नारळाला हात लावला नाही. फेटा कुणीच बांधला नाही. नारळ खळ्यावर आणि फेटा बाजेवर पडून राहिला. पुढे ते कुणी नेलं मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर गोमूत्र शिंपडलं. आमच्या अंगणातही. गावाची बैठक झाली. भावाला कुणी फार बोललं नाही, कारण कारभाऱ्यांनीच "खेळू दे" सांगितलं होतं आणि तो राग त्यांच्यावर काढता येत नव्हता. पण कारभाऱ्यांनाही मालकांकडून काहीतरी ऐकावं लागलं असणार. त्यांनी निरोप धाडला की खळं भातासाठी आहे, तिथे इतःपर हुतुतू चालणार नाही. वडील घरी येऊन भावावर कडाडले. "त्याला बोलवून काय मिळवलंस? होती ती जागा घालवलीस." भाऊ खाली बघून दोरी वळत राहिला.

सगळ्यांत जड दिवस त्या बैठकीनंतरचा. आमच्या त्या गड्याचे वडील, सुजल्या पायांनी काठी टेकत, आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. नेहमी उभे राहात तिथेच, करवंदीच्या कुंपणाबाहेर. भाऊ बाहेर गेला.

"दादा," ते बोलले. भाऊ वयाने त्यांना मुलासारखा, पण ते त्याला दादा म्हणत. "तुमी मनानं चांगले हाव. पन माज्या पोराला परत खेळाया बोलवू नका. तुमचा खेळ होतो. आमचं वरसाचं भात जातं. चार घरांनी सांगलंय, यंदा वाटा देनार नाय."

"मी त्यांच्याशी बोलतो," भाऊ बोलला.

"बोलू नका," म्हातारे बोलले. "तुमी बोललाव का आनखी चार घरं वाढतील." आणि काठी टेकत परत गेले. भाऊ कुंपणाशी उभाच राहिला. आईने जेवायला हाक मारली तरी तो आला नाही. त्या वर्षी माघात आमच्या घरचा वाटा त्याने दुप्पट मोजून दिला. पण चार घरांचं भात एका घराने भरून निघत नाही.

ते पुढचं झालं. आधी वैशाखातली एक गोष्ट सांगायची आहे.

राब भाजून झाले होते. दुपारी आम्ही ओट्यावर पडलो होतो, आणि पलीकडच्या गावचा तो पुढारी उन्हातून चालत आला. त्याच्याबरोबर त्याच्या गावचे दोघं. आम्हाला वाटलं भांडायला आले. भावाने पाणी दिलं. पाणी पिऊन तो बोलला, "तुमचा तो गडी कुठं हाय?"

"कशाला?"

"मला त्याला धरायचा हाय." एवढंच बोलून त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग जमिनीकडे बघत बोलला, "झोपलो तरी हात वळवळतात. धरला असता का सुटला असता, मला काय कळत नाय."

भावाने मान हलवली. "त्याच्या बापानं मला सांगलंय, बोलवू नको."

"मग मी बोलवतो. गाव बघनार नाय असा ठिकाण सांग."

नदीचं पात्र वैशाखात आटलेलं असे. मधे पाण्याची एक धार आणि दोन्ही अंगांना वाळू. ती वाळू मालकाची नव्हती, आमच्या गावची नव्हती, त्यांच्या गावची नव्हती. पावसाळ्यात नदी तिला उचलून नेई आणि दरवर्षी नवी आणून टाकी. वळणावर करंजाची दाट झाडी होती, तिच्याआड कुणाला काही दिसत नसे. तिथे आम्ही जमलो. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो आला, दोन चुलतभावांना घेऊन. कुणी कुणाला रामराम केला नाही. भावाने टाचेने वाळूत रेघा ओढल्या.

थोडा वेळ खेळ असाच चालला, अंग चोरून. मग त्याची चढाई आली. तोच आवाज, तेच सरळ चालणं. पुढारी पाय रोवून उभा होता. या वेळी ओरडायला चुलता नव्हता. याने त्याच्या खांद्याला हात लावला आणि वळला, आणि वळता वळता पुढाऱ्याने त्याची कंबर धरली. दोघं वाळूत आडवे झाले. हा त्याला ओढत होता, हात मधल्या रेघेकडे लांब केलेला, तोंडातून दम चालू, वाळू तोंडात जात होती तरी चालू. इंच इंच सरकत होता. पुढाऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आम्ही सगळे आपण खेळतोय हे विसरून बघत उभे होतो. बोटं रेघेच्या अगदी जवळ आली आणि दम तुटला. या वेळी खरोखर तुटला.

"धरला!" तोच ओरडला. धरणारा नाही, धरलेला. "धरला रे मला, धरला!" तो वाळूत उताणा पडून हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. पुढारीही त्याच्या शेजारी पडून हसायला लागला. माझा भाऊ, जो कधी हसत नसे, तो पाठ फिरवून करंजांकडे बघत उभा राहिला.

मग आम्हाला तहान लागली. आणि तेव्हा जे झालं तेही सांगायला हवं. धारेपाशी गेल्यावर आम्ही आणि पलीकडचे वरच्या अंगाला वळलो, आणि तो आणि त्याचे भाऊ खालच्या अंगाला. कुणी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप गेले. आत्ता एकमेकांच्या अंगावर लोळलेली माणसं. पाणी पिता पिता माझ्या ते लक्षात आलं, आणि त्याच्याही आलं असणार, कारण त्याने वर बघितलं. मग पुन्हा ओंजळ भरली.

त्या वाळूवर आम्ही दोन-तीन उन्हाळे खेळलो. कुणाला कळलं नाही, किंवा कळून कुणी बोललं नाही. त्याचे वडील वारले तेव्हा त्याने तराळकी चुलतभावाकडे सोपवली आणि आईला घेऊन पुन्हा उंबरमाळीला गेला, कायमचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि कल्याण-अंबरनाथकडे लष्करी छावण्यांच्या कामाला माणसं मागू लागले. पलीकडचा पुढारी तिकडे गेला, आमचे दोघं-तिघं गेले. वाळूवर रेघा ओढायला माणसं जमेनात.

लढाई संपता संपता तो मला आसनगावच्या स्टेशनात भेटला. डोक्यावर टोपी, हातात रुळाचा पाना. "रविवारी या दोघं," तो बोलला. "आमचा सामना हाय. येतो म्हणशील नि यायचा नाय, असा करू नको."

भाऊ येईल असं वाटलं नव्हतं. त्याचा गुडघा तेव्हा धरत असे. पण तो न बोलता तयार झाला. आम्ही खर्डीला उतरून रुळांच्या कडेकडेने चालत गेलो. डोंगर फोडून जिथे खडी काढली होती तिथे लायनीतल्या लोकांनी स्वतः माती टाकून जागा सपाट केली होती. बाज नव्हती. पंच तोच होता, शिट्टी घेऊन. त्याच्या आईने आम्हाला पितळेच्या पेल्यात पाणी दिलं. माझ्या हाताकडे बघत तिने पेला पुढे केला. भावाने तो घेतला, पाणी प्यायला आणि रिकामा पेला तिच्या हातात परत दिला, हाताला हात लागला. तिने पेला पुन्हा भरला. मग मीही प्यालो.

सामन्यात एका बाजूला गडी कमी पडत होता. कुणीतरी अनोळखी जवान पोरगा भावाकडे बघून बोलला, "मामा, येता का?" तू कोण, कुठला, असं त्याने विचारलं नाही. भावाने सदरा काढून माझ्याकडे दिला आणि लंगडत आत गेला. पहिल्याच चढाईत तो मेला. पंचाने शिट्टी फुंकली आणि हात वर करून त्याला बाहेर जायला सांगितलं, अगदी कोरड्या चेहऱ्याने, जसं इतर कुणालाही सांगितलं असतं. भाऊ येऊन माझ्या शेजारी बसला. अंगाला माती लागली होती. त्याने ती झटकली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आईने दाराशी पाण्याची घागर भरून ठेवली होती. आम्ही कुठे गेलो होतो ते तिला ठाऊक होतं, आणि तिकडून आलेल्याने अंघोळ करूनच उंबरा ओलांडायचा, हे सांगावं लागत नव्हतं. भाऊ घागरीपाशी क्षणभर थांबला आणि तसाच आत गेला. आई बाजूला झाली. वडील, आता पार थकलेले, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी त्याच्या अंगावरची माती बघितली. मला वाटलं, आता बोलतील.

"जिंकला कोन?" त्यांनी विचारलं.

"ते," भाऊ बोलला आणि त्यांच्याजवळ खाली बसला. बसताना त्याने गुडघा दाबून धरला.

"गुडघ्याला तेल लाव," वडील बोलले.